प्रायव्हेट वडाप

पुतण्याचा फोन आला तो रात्री साडेअकराला. न्यू जर्सीत दिवस असला म्हणजे जगात सगळीकडे दिवसच असतो, अशी त्याची समजूत आहे.

"काका, चार मेला पोचतोय. पाचला रत्नागिरीची प्रायव्हेट गायडेड टूर बुक केलीय. फुल डे. तुम्ही आणि काकूपण चला."

मी अंथरुणात उठून बसलो. "अरे, रत्नागिरीची टूर? आपलं घर रत्नागिरीत आहे!"

"घर नाही हो काका, शहर बघायचंय."

बासष्ट वर्षं मी या गावात काढली. त्याच गावात पैसे भरून गाईडच्या मागे हिंडायचं, म्हणजे स्वतःच्या मुंजीला कूपन फाडून जेवायला बसण्यातला प्रकार. पण परदेशातून आलेल्या माणसाला पहिले आठ दिवस काही बोलायचं नसतं. नवव्या दिवशी तो परत जातो.

या हट्टाचं मूळ कोलंबिया देशात आहे. दोन वर्षांपूर्वी पुतण्या, सूनबाई आणि नातू ही मंडळी कॅरिबियन समुद्रात बोटीनं फिरायला गेली होती. बोटीनं त्यांना कार्ताहेना नावाच्या बंदरात एका दिवसापुरतं उतरवलं आणि तिथं त्यांनी प्रायव्हेट गाईड केला. गार गाडी, गार पाणी, तोंड पुसायला गार टॉवेल. स्पॅनिश लोकांनी बांधलेला सान फेलिपे किल्ला, जुन्या गावाभोवतीचा तट, रंगीत झगे घालून डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या आणि फोटोचे पैसे मागणाऱ्या बायका, आणि सरतेशेवटी पाचूचं दुकान. ते फोटो बघून आमची ही म्हणाली, "किल्ला आहे, समुद्र आहे, फळं आहेत. मग एवढं लांब गेले कशाला?"

पाचूंच्या बाबतीत मात्र आम्ही मागे आहोत. गावाच्या नावातच रत्न आहे, पण मला ते कुठं दिसलेलं नाही. माणसांतली रत्नं मुंबईला गेली आणि झाडावरची वाशी मार्केटला.

तसा कॅरिबियनशी आमचा संबंध जुनाच म्हणायचा. १४९२ मध्ये कोलंबस निघाला होता आमच्याच बाजूला. पोचला कॅरिबियनला, आणि मरेपर्यंत हाच आशिया असं सांगत राहिला. पुढे सहा वर्षांनी वास्को द गामा आला, पण त्यानं शहाणपणा केला. आफ्रिकेत मालिंदीला एक वाटाड्या बोटीत घेतला आणि नीट कालिकतला उतरला. तेव्हा माणसानं गाईड करावा, या मताला इतिहासाचा पाठिंबा आहे. मी पांढरी टोपी शोधून ठेवली.

गाडी आठला येणार होती, ती पावणेनऊला आली. सात सीटर. ड्रायव्हर, त्याच्या शेजारी गाईड, आणि दोघांच्या मधे दवाखान्याची फाइल मांडीवर घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई.

"ही आमची आत्ये," ड्रायव्हर म्हणाला. "मारुती मंदिरला डॉक्टरकडे सोडायचीय. वाटेवरच आहे."

रत्नागिरीत 'वाटेवरच आहे' याचा अर्थ गाडी तिकडे वळते, एवढाच घ्यायचा. पुतण्याला हे ठाऊक नव्हतं. तो खाली उतरून हळूच म्हणाला, "पण ही टूर प्रायव्हेट आहे ना?"

"होय तर!" ड्रायव्हर मनापासून म्हणाला. "एकदम प्रायव्हेट. बाहेरचं कोण नाय."

प्रायव्हेट या शब्दाला आमच्याकडे तीन अर्थ आहेत. प्रायव्हेट बस म्हणजे एसटी नव्हे ती. प्रायव्हेट नोकरी म्हणजे जिला पेन्शन नाही ती. प्रायव्हेट दवाखाना म्हणजे जिथं आधी पैसे भरावे लागतात तो. 'दुसऱ्यानं येऊ नये' हा चौथा अर्थ पुण्यापर्यंत आला असेल, पण घाट उतरताना त्याला गाडी लागली असावी.

आत्येनं मान मागे वळवली आणि सूनबाईला विचारलं, "कोणाचे तुम्ही?"

सूनबाई नागपूरची. तिनं आपलं नाव सांगितलं. नाव हे या प्रश्नाचं उत्तर नसतं. आत्येनं मग माहेर, माहेरचं आडनाव, मामाचं गाव अशी पायरी-पायरीनं चौकशी केली, नागपुरात काही हाती लागेना म्हणून मोर्चा आमच्या हिच्याकडे वळवला आणि मारुती मंदिर यायच्या आत हिच्या बहिणीची विहीण ही आपली शेजारीण असल्याचं सिद्ध केलं. उतरताना नातवाच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "बारीक झालास रे." तिनं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं.

टूर टिळक आळीतून सुरू झाली. गाईड म्हणजे तरुण, चुणचुणीत मुलगा. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅमिनेशन केलेला कागद. टिळकांच्या जन्मघरासमोर उभं राहून त्यानं घसा साफ केला. "लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म या ठिकाणी १८५६ साली झाला."

"तारीख?" शेजारच्या ओट्यावरून आवाज आला. पेपरमागे एक निवृत्त मास्तर होते.

"तेवीस जुलै."

"वार?"

गाईड गप्प. मास्तरांनीही वार सांगितला नाही. प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांचा, उत्तराची जबाबदारी समोरच्याची, ही चाळीस वर्षांची सवय. त्यांनी पेपराची घडी केली, पायांत चपला सरकवल्या आणि आमच्यात आले. "हा तुम्हाला काही नीट सांगायचा नाही. मी येतो पतितपावनपर्यंत."

नातवाला त्याच्या आईनं शेंगांच्या टरफलांची गोष्ट विमानातच सांगून ठेवली होती. तो सगळ्या खोल्या हिंडून, पाळण्याखाली वाकून बघून आला आणि म्हणाला, "टरफलं कुठायत? आता उचलली कोणी?"

मास्तरांकडेही याचं उत्तर नव्हतं. गाईड पहिल्यांदा मोकळेपणानं हसला.

या गाईडमंडळींची एक अडचण मला त्या दिवशी कळली. पुण्याहून येणारी माणसं गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतात, अंतू बर्व्याचं घर कुठलं? पु. ल. देशपांड्यांनी तो माणूस कागदावर असा उभा केला, की तो घरपट्टी भरत असणार असं लोकांना वाटतं. नाही म्हटलं तर पाहुणे हिरमुसतात. हो म्हटलं तर घर दाखवावं लागतं. आमच्या पोरानं मधला मार्ग काढलाय. एका कौलारू घराकडे लांबूनच बोट दाखवायचं, 'आता दुपारचे झोपलेत' म्हणायचं आणि गाडी पुढे काढायची. सकाळी दहालाही तो हेच सांगतो. आजवर कोणीही शंका घेतलेली नाही.

पतितपावन मंदिरात मास्तरांनी सूत्रं हाती घेतली. भागोजीशेठ कीरांनी हे देऊळ सावरकरांच्या सांगण्यावरून बांधलं, १९३१ साली ते सगळ्या जातींना खुलं झालं, हे सगळं सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा शेवटच्या बाकापर्यंत जात होता. इतका, की देवळात सहज आलेलं सोलापूरकडचं एक कुटुंबही आमच्यात उभं राहून ऐकू लागलं. पुतण्यानं माझ्याकडे बघितलं. मी देवाकडे बघितलं. पतितपावनपर्यंत यायचं ठरवलेले मास्तर पुढे थिबा पॅलेसलाही आले, कारण "इंग्रजांबद्दल याला कोणी शिकवलंय?"

थिबा पॅलेस म्हणजे आमच्या गावाचं मोठं कोडं. मी शाळेत असताना आम्ही त्याच्या आवारात क्रिकेट खेळायचो, आणि चेंडू हरवला की 'थिबानं घेतला' म्हणायचो. तो ब्रह्मदेशाचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेहून उचललं, आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. त्याआधी दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनीच असा रंगूनला नेऊन ठेवला होता. इथला राजा तिथं, तिथला राजा इथं. हल्ली कॉलेजात याला एक्स्चेंज प्रोग्रॅम म्हणतात, फक्त त्यातली मुलं परत येतात.

वाड्याच्या लाकडी कोरीव खिडक्या गाईडनं दाखवल्या, मागच्या बाजूची बुद्धमूर्ती दाखवली. माझं लक्ष होतं त्याच्या कागदावरच्या आकड्यांकडे. राजा आला १८८६ ला. वाडा राहायला मिळाला १९१० ला. राजा वारला १९१६ ला. म्हणजे चोवीस वर्षं वाट बघितली आणि जेमतेम सहा वर्षं राहिला. मी सरकारी नोकरीत होतो. क्वार्टरच्या यादीत माझं नाव इतकी वर्षं होतं, की नाव वर आलं तेव्हा निवृत्तीला सात महिने उरले होते. त्या जिन्यावर उभं असताना राजाबद्दल मला जी आपुलकी वाटली, ती इतिहासाच्या पुस्तकानं कधी वाटली नव्हती.

"आमच्या गावचे दोन मोठे पाहुणे," मास्तर म्हणाले, "दोघेही सरकारी खर्चानं आले. थिबा तीस वर्षं. सावरकर १९२४ ते १९३७, तेरा वर्षं, जिल्हा सोडायचा नाही. आणि तुम्ही बघणार एका दिवसात!"

"पाचपर्यंत," पुतण्या घड्याळ बघत म्हणाला.

नातू खिडकीत उभा होता. "आजोबा, राजा दिवसभर काय करायचा?"

गाईडनं कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "काय करणार? सकाळी उठायचं. चहा घ्यायचा. खिडकीतून खाडीकडे बघत बसायचं. कोण आलं, कोण गेलं, त्याची नोंद ठेवायची. जेवायचं. जरा पडायचं. उठून परत खिडकी."

"हे तुमचं झालं," ही म्हणाली. "राजाचं सांगा."

थिबाला चार मुली. धाकटी १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली, म्हणजे सरळ सरळ आमची माहेरवाशीण. थोरलीनं वाड्यावरच्या एका स्थानिक नोकराशी संसार मांडला, त्यांची मुलगी टूटू. राजा गेल्यावर राणी ब्रह्मदेशी परत गेली, पण टूटू रत्नागिरीची झाली ती कायमची. इथंच वाढली, इथंच संसार केला, मराठी बोलत म्हातारी झाली. मंडालेच्या राजाच्या नातीला आमच्या गल्लीतल्या कुठल्या तरी आत्येनं पहिल्यांदा 'कोणाच्या गो तुम्ही?' असं विचारलं असेल, तेव्हा तिनं काय उत्तर दिलं असेल, हे मला ऐकायला आवडलं असतं. मी हे बोललो नाही. मास्तर मधे होते.

रत्नदुर्गावर वारा इतका होता, की गाईडचं निम्मं बोलणं समुद्राच्या बाजूला गेलं. आम्हाला आलं ते एवढंच, की किल्ला घोड्याच्या नालेसारखा आहे, तीन बाजूंना पाणी आहे, वर भगवतीचं देऊळ, पलीकडे दीपगृह, आणि एक भुयार. भुयार थेट समुद्रात निघतं आणि ते इंग्रजांनी बंद केलं. ज्यात भुयार नाही, किंवा असलेलं भुयार इंग्रजांनी बंद केलेलं नाही, असा किल्ला महाराष्ट्रात कोणी दाखवला तर मी त्याला पाच डझन हापूस देईन. पायरी नव्हे, हापूस.

मग मिरकरवाडा. बंदरावर बोटी लागल्या होत्या, पाट्या उतरत होत्या, पायाखाली बर्फाचं आणि माशांचं पाणी. सूनबाईनं ओढणी नाकाला लावली. पुतण्याला मात्र कार्ताहेनातल्या फळवाल्या आठवल्या असाव्यात. त्यानं मोठा कॅमेरा काढला आणि पाटीपुढं बसलेल्या एका बाईवर रोखला. फोटोचे पैसे द्यायला दुसऱ्या हातात नोटही तयार ठेवली.

बाईनं नोटेकडे बघितलं नाही. "फोटो कसला काढतोस? मासा घे. फोटोची आमटी होते काय?"

पुतण्या म्हणाला, आम्ही फिरायला आलोय, मासे नेऊन काय करणार. बाईला हे पटेना. बंदरावर येऊन मासे न घेता जाणारा माणूस तिच्या लेखी देवळात जाऊन पाठ फिरवणारा. शेवटी ड्रायव्हर पुढे झाला. त्यानं एका सुरमईचे कल्ले वर करून आतला लाल रंग बघितला, पोट अंगठ्यानं दाबलं, खड्डा राहत नाही याची खात्री केली, दोनदा निघून गेल्यासारखं केलं आणि तिसऱ्या वेळी सौदा तोडला. सुरमई मालगुंडला दिलेल्या बहिणीसाठी. "वाटेवरच आहे."

सुरमई बर्फासकट पिशवीत घालून पुतण्याच्या पायांशी ठेवण्यात आली. गाडी निघाल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, एसीचा झोत जरा खाली करता काय? हिला लागू दे." कार्ताहेनात गार वारा पाहुण्यांना होता. इथं तो सुरमईला मिळाला. पाहुण्यांनी काच खाली केली.

आरे-वारेच्या रस्त्याबद्दल मी फार लिहीत नाही. वळण घेऊन गाडी टेपावर येते आणि खाली एकदम तो दुहेरी किनारा, सुरूची झाडं आणि लखलखीत पाणी. गाडीत पहिल्यांदाच कोणी काही बोललं नाही. मास्तरसुद्धा. पुतण्यानं कॅमेरा मांडीवर ठेवला तो तसाच राहिला. नंतर तो म्हणाला, "काका, हे इथं होतं?" मी म्हटलं, "होतं." मी स्वतः या रस्त्यानं अकरा वर्षांनी येत होतो, हे सांगायचं काही कारण नव्हतं.

गणपतीपुळ्याला दर्शन झालं, टेकडीला प्रदक्षिणा झाली. देव पश्चिमेकडे तोंड करून समुद्र बघत बसलेला. राजाचं खिडकीतलं वेळापत्रक नातवाच्या डोक्यात पक्कं होतं. तो म्हणाला, "हा पण तेच करतो?" केळीच्या पानावर जेवण झालं. मोदक फोडून त्यावर तूप कोणी किती घ्यावं, यावर मास्तरांनी मार्गदर्शन केलं. बिल मागवलं तेव्हा नऊ पानं निघाली. गाईडचा मावसभाऊ मधेच कधी येऊन बसला होता. त्याची एसटी चुकली होती. परत रत्नागिरीलाच जायचं होतं.

मालगुंडला सुरमई उतरली. तिच्या जागी ड्रायव्हरची भाची चढली, सुट्टीत आजीकडे जायला. केशवसुतांचं घर आणि स्मारक बघितलं. कुसुमाग्रजांच्या हस्ते १९९४ मध्ये या स्मारकाचं उद्घाटन झालं, असं गाईडनं सांगितलं आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान डोलावली. दिवसभरातला त्याचा हा पहिला गुण. केशवसुत म्हणजे 'तुतारी' लिहिणारे, असं सूनबाईनं मुलाला समजावलं. तो पुन्हा सगळीकडे हिंडून आला. टरफलं नाहीत, तुतारीही नाही. गाईडबद्दल त्याचं मत त्या दिवशी जे वाईट झालं, ते कायमचं.

कुठलीही टूर शेवटी दुकानातच संपते, हा जागतिक नियम आहे. कार्ताहेनात पाचू, आमच्याकडे आंबा. गाडी एका मोठ्या पाटीखाली थांबली, तेव्हा गाईड माझी नजर चुकवू लागला. त्याचं कारण आहे. रत्नागिरीच्या माणसानं आंबा विकत घेणं कमीपणाचं समजलं जातं. त्याला तो कुठून तरी आलेला असावा लागतो. मेव्हण्याच्या बागेतून, साहेबांकडून, नाही तर कोर्टात चालू असलेल्या सामाईक कलमावरून रात्री. दुकानातून घेतो तो पाहुणा.

दुकानदारानं पेटीवरचं पान बाजूला केलं. आंबे असे मांडलेले, की एखाद्या लग्नातली वरपक्षाची रांग. "अस्सल रत्नागिरी हापूस. जीआय मानांकन आहे, २०१८ पासून."

"ते सालीला आहे की आतल्या गराला?" ही म्हणाली आणि पदर खोचून पुढे झाली.

तिनं एक फळ उचललं, दाबलं नाही. दाबतात ते मुंबईचे. देठाशी नाक नेलं, डोळे मिटले. देठाजवळचा खळगा, खांदे, बुडाची बारीक सुरकुती बघितली. "आढीत कधी घातलेत?" दुकानदार वार सांगू लागला. "गवत कसलं? भाताचं?" दुकानदार सरळ उभा राहिला. "साका निघाला तर?" इथं मात्र तो हसला, कारण साका कोणाच्याच हातात नसतो. वरून राजबिंडं फळ, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून देवालाही कळत नाही. दहा मिनिटांत हिनं तीन डझन निवडले. भाव तिनं तिकडे, मास्तरांनी इकडे केला, आणि सोलापूरकडचं कुटुंब, जे आमच्या मागोमाग त्यांच्या गाडीतून इथवर आलं होतं, त्यांनी "ह्यांच्यासारखेच द्या" म्हणून पाच डझन नेले. दुकानदारानं हिला एक आंबापोळी फुकट दिली आणि रोज येता काय, असं विचारलं.

परत निघालो तेव्हा गाडीत आम्ही पाच, गाईड, ड्रायव्हर, मास्तर, मावसभाऊ, भाची आणि नेवऱ्याला हात दाखवून चढलेल्या एक बाई, असे अकरा जण होतो. सात सीटरमध्ये अकरा जण बसले, की तिला आमच्याकडे वडाप म्हणतात. फरक इतकाच, की वडापला माणशी पैसे पडतात आणि हिचे सगळे पुतण्यानं आधीच ऑनलाइन भरले होते. त्याच्या मांडीवर भाची झोपली होती. तो काही बोलत नव्हता. दोन्ही हातांनी तिचं डोकं वळणावर आपटणार नाही असं धरून बसला होता.

दारात उतरल्यावर त्यानं गाईडला टीप द्यायला पाकीट काढलं. गाईड मागे सरला.

"नको साहेब. आत्येचा दुपारीच फोन आलता. तुमच्याकडनं कसं घ्यायचं? तुम्ही आमच्यातले निघालात."

"अहो, पण मी न्यू जर्सीचा..."

"असूंदे की."

उलट ड्रायव्हरनं डिकी उघडून एक मोठा फणस काढला आणि ओट्यावर ठेवला. हा फणस सकाळपासून आमच्याबरोबर होता. म्हणजे टिळक आळी, थिबा पॅलेस, गणपतीपुळे, सगळी टूर त्याचीही झाली, आणि तीही फुकट.

पुतण्या आठ दिवसांनी गेला. नवव्या दिवशी सकाळी साडेआठला दारात हॉर्न वाजला. तीच गाडी. मागच्या सीटवर गॉगल लावलेलं एक तरुण जोडपं अंग चोरून बसलेलं, आणि पुढे मधे, फाइल मांडीवर घेऊन, आत्ये.

"काका," गाईड खिडकीतून म्हणाला, "पुण्याची पार्टी आहे. प्रायव्हेट. मास्तरांना आळीतनं घ्यायचेत. मागं एक जागा आहे, येताव काय?"

मी आत जाऊन टोपी शोधू लागलो.